हणमंताची शिष्टर

मंडळी, देवाचं नाव घेऊन झालं, आता एक प्रश्न. सोपा आहे, घाबरू नका! बहीण कशानं होते? एका आईच्या पोटी आल्यानं? की हाकेला धावून आल्यानं? ...बघा, पुढची मंडळी लगेच वर बघायला लागली. मंडपाच्या छताला उत्तर लिहिलेलं नाही हो!

आज शब्द घेतलाय इंग्रजी — सिस्टर! हसू नका. दवाखान्यात पाय ठेवला की ऐंशी वर्षांची म्हातारीसुद्धा विशीतल्या पोरीला ओरडते, "ओ शिष्टर, सलाईन संपली!" तेव्हा कुठं येतं हसू?

संस्कृतात बहिणीला म्हणतात स्वसा. म्हणून बघा — स्वसा, सिस्टर. लागतंय कानाला? जाणकार सांगतात, त्यांनी आपल्याकडून चोरला नाही, आपणही त्यांच्याकडून आणला नाही. दोघींची पणजी एक! एक लेक इकडं नांदली, एक तिकडं. मग तिकडं मठातल्या जोगिणींना सिस्टर म्हणू लागले. त्या आजाऱ्यांची सेवा करायच्या, म्हणून सेवा करणारीही सिस्टर झाली. बहीण, जोगीण, परिचारिका! आणि ह्या तिन्हींच्या मधोमध एक बाई सापडली — सुगंधा.

एकविसाव्या वर्षी कुंकू पुसलं. मूल नाही, बाळ नाही. माहेरी आली आणि म्हणाली, "दादा, मी नर्सिंगला जाते." थोरला भाऊ हणमंत. असा भडकला! "परक्या पुरुषांची हगणीमुतणी काढणार? आपल्या घरची पोर? गेलीस तर मला बहीण नव्हती असं समजेन!"

ती गेली. आणि त्यानं खरंच तसं समजलं, मंडळी! सव्वीस वर्षं! आई वारली, तरी निरोप नाही. सुगंधाला कळलं तेराव्यानंतर, बाजारात, भांडी विकणाऱ्या बाईकडून.

आता गंमत बघा. साऱ्या तालुक्याची ती सिस्टर! दिवसाला शंभर जण हाक मारायचे. आणि ज्यानं मारायची, तो एकटा मुका.

एके सकाळी ती पुरुषांच्या वॉर्डात ड्यूटीवर आली. नवीन केसपेपर हातात घेतला. हणमंत रामजी कदम, वडाचीवाडी. उसाच्या ट्रॉलीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. नाव दोनदा वाचलं हो तिनं! सोबतच्या लतिका सिस्टर म्हणाल्या, "तू माझ्या वॉर्डात जा, मी इथं बघते." सुगंधा दारापर्यंत गेली. तिथं उभी राहिली... आणि परत फिरली. "नको. वॉर्ड माझा आहे."

हणमंतानं तिला बघितलं. पाय वजनाला बांधून टांगलेला, पळणार कुठं? मान तेवढी भिंतीकडं वळवली! दोन दिवस पाणी हवं तरी "ओ बाई". तिनं गोळी दिली, तर डोळे मिटून घेतली.

पण देह कुणाचं ऐकतो का, मंडळी? शौचाचं भांडं देण्याची वेळ आली. बायको गावाकडं गेलेली, वॉर्डबॉय रजेवर. सुगंधा पडदा ओढून उभी. हणमंत लाजेनं काळानिळा! "दुसरं कुणी पाठवा," म्हणाला.

सुगंधा शांतपणे म्हणाली, "दुसरं कुणी नाही. आणि तुम्ही लाजू नका. तुमची बहीण इथं नाही, तुम्हाला बहीण नव्हतीच. मी सिस्टर आहे. सिस्टरपुढं कुणी लाजत नसतं."

तुम्ही! सख्ख्या भावाला 'तुम्ही' म्हणाली! शिवी परवडली असती हो त्याला. तिनं काम केलं, हात धुतले, पुढच्या खाटेकडं गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कळ उठली. हणमंतानं ओठ चावले, चादर मुठीत धरली. आणि तोंडातून निघालं — "शिष्टर!"

ती आली. नाडी धरली. "काय होतंय?"

"सुगंधे..." तो रडायला लागला. "आईनं दोन दिवस तुझं नाव घेतलं. मी तिला सांगत राहिलो — वाटेत आहे, आत्ता पोचेल. आणि माणूस धाडलाच नाही. ती दाराकडं बघत गेली."

पेटीवाले, थांबा जरा. इथं सूर नको.

सुगंधानं नाडी सोडली. तडक उठली, भांडी धुवायच्या खोलीत गेली, नळ सोडला. नळाच्या आवाजात माणसाला मनमोकळं रडता येतं, आयाबायांनो, तुम्हाला ठाऊक आहे! दाराकडं बघणारी आई तिच्या डोळ्यापुढून हलेना. घरी निघून जावं वाटलं. त्याला तसाच कळवळत ठेवावं, असंही वाटलं. का वाटू नये? ती काही देवी नव्हती.

नळ बंद केला. तोंड पुसलं. डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं इंजेक्शन भरून आणलं, दिलं. कळ उतरेपर्यंत खाटेशी उभी राहिली. मग म्हणाली, "दादा, हे मी विसरणार नाही. मरेपर्यंत नाही."

हणमंत म्हणाला, "नको विसरूस."

"आता वरची कडी धर. कंबर उचल. पाठ पुसते, नाहीतर जखमा होतील तुला."

ऐकलंत? 'तू' म्हणाली!

माफ केलं का तिनं? मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. सहा आठवडे तिनं त्याची पाठ पुसली, एवढं मात्र वॉर्डानं बघितलं. आणि घरी जाताना हणमंत दारातल्या लोकांना सांगत होता, "ही शिष्टर... माझी शिष्टर आहे." ऐकणाऱ्याला वाटलं, म्हातारा एकच शब्द दोनदा बोलतोय!

आता डोळे पुसताय, छान. पण भाऊमंडळी, खरं सांगा. सातबाऱ्यावरून नाव कमी करायला बहिणीची सही हवी असली, की तिचा पत्ता बरोबर सापडतो. आईला ताप आला की का सापडत नाही? घरात एखादी म्हातारी आज कुणाचं तरी नाव घेत असेल, आणि तुम्ही सांगत असाल, येईल, येईल. उठा! आरतीला थांबला नाहीत तरी चालेल, देव रागावणार नाही. आधी त्या बहिणीला निरोप धाडा.