दामिनीची अकराची मुलाखत

मलप्पा : मगापासून वायफायचा डब्बा बंद-चालू करून राहिलीस, काय झालं?

दामिनी : नेट गेलंय, आप्पा.

मलप्पा : गेलं कसं? तुझी सासू आत मोबाईलवर भजन ऐकून राहिली की.

दामिनी : मग माझ्याच लॅपटॉपला काय झालं? काहीही उघडलं तरी ‘सुरक्षित नाही’ म्हणतो.

मलप्पा : काम काय हाय?

दामिनी : अकराला मुलाखत आहे. उदगीरच्या एका कॉलेजात, केमिस्ट्री शिकवायला. तुम्हाला सांगायचं राहिलं.

मलप्पा : राहिलं का मुद्दाम ठेवलं?

दामिनी : ठेवलं. नोकरीचं नाव काढलं की तुम्ही गप्प होता.

मलप्पा : ते मागनं बघू. वाजले किती?

दामिनी : पावणेअकरा.

मलप्पा : लई टाइम हाय. तीस वर्षं टेलिफोनच्या लाईनवर काढली मी. फोन बंद म्हणलं की लगेच खांबावर चढायचं न्हाई. दोष कुठं न्हाई, ते आधी बघायचं. सासूच्या मोबाईलचा डेटा बंद कर, वायफाय ऱ्हाऊ दे.

दामिनी : केला. भजन चालूच आहे.

मलप्पा : म्हंजे वायर बी ठीक, डब्बा बी ठीक. ऱ्हायला तुझा लॅपटॉप. दुसऱ्या ब्राउझरमधी बघितलंस?

दामिनी : हो, तिथंही तेच.

मलप्पा : काय लिवलंय ते पुरतं वाच. अर्ध्यात सोडू नको.

दामिनी : ‘तुमचे घड्याळ मागे आहे.’ आप्पा, यात पाच वर्षांपूर्वीची तारीख आहे. लग्नापासून कपाटातच होता ना हा. बॅटरी पार उतरली असेल.

मलप्पा : मग आजची घाल. वेळ बी लाव, नुसती तारीख न्हाई.

दामिनी : आता कळलं. प्रत्येक साईटच्या ओळखपत्राला मुदत असते. याच्या हिशेबानं ती मुदत अजून सुरूच झाली नव्हती.

मलप्पा : ते तुझं तू जाण. उघडलं का?

दामिनी : उघडलं. कॅमेरा पण चालू झाला.

मलप्पा : बस मग निवांत.

दामिनी : आप्पा, गप्प का होत होता तुम्ही?

मलप्पा : निलंग्याहून उदगीर लांब पडतं. सकाळची कोणती एसटी सापडंल, संध्याकाळी कोणती, त्याचा मेळ घालून राहिलो होतो मनात. तू पुढं काही विचारलंच न्हाईस.

दामिनी : मला वाटलं, तुमच्या मनात नाही.

मलप्पा : मुलाखतीला किती वेळ लागंल?

दामिनी : अर्धा तास.

मलप्पा : दार लोटून घेतो. मी ओसरीवर बसतो. कोणी आलं तर सांगतो, म्याडम कामात हायत.