शॉकअपमधली हवा

झोपलेल्या बाळाला थोपटत यशश्री शिवाजीनगरच्या सायकल दुकानात बाबागाडीच्या चाकासाठी थांबली होती. पुढे एक नवराबायको नवी माउंटन बाइक घेऊन उभे होते.

"वजन किती, सर? त्या हिशेबाने पुढच्या शॉकअपमध्ये हवा भरतो," दुकानदार अण्णा म्हणाले.

"अठ्ठ्याहत्तर."

"ते लग्नातलं, उपेंद्र! शहाऐंशी धरा, अण्णा."

"चारचौघांत काय हे, स्मिता!"

"तिसऱ्यांदा सेटिंग चाललंय. चालवली एकदाही नाहीस, नव्या टायरवरची रबरी लवसुद्धा झडलेली नाही."

"आर्या झाल्यापासून सवड आहे कुठे?"

"तुला सवड नाही? तिचा पापा घेऊन ऑफिसला पळतोस तू! अण्णा, बावन्न किलोची हवा भरा. सीट जरा खाली घ्या."

"बावन्न कोणाचं?"

"माझं. रविवारी सकाळी सहा ते नऊ आर्या तुझ्याकडे. तिची बाटली कुठे असते, तेवढं आजच बघून ठेव."