रबराची टोपणं

बूट बदलून घ्यायला आलेली शिक्षिका ट्रेकिंगच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे एक आजी-आजोबा होते. आजोबांच्या हातात दोन पोल होते.

"गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काठी घ्या म्हटलं, तर घर डोक्यावर घेतलंत."

"ती म्हाताऱ्यांची काठी, अगं. हे ट्रेकिंगचे पोल आहेत."

"बरं, पोल. उंची बघितलीत?"

"कोपर काटकोनात येतंय. झकास."

"आणि कुठला डोंगर चढणार म्हणे?"

"ते ठरवू सावकाश. काय हो, याचं टोक लोखंडी आहे. फरशीवर घसरेल ना?"

"फरशीवर रबराचं टोपण लावायचं, काका," काउंटरवरचा विक्रेता म्हणाला. "पण डोंगरावर फरशी कुठली?"

आजोबांनी आवाज खाली आणला. तरी शिक्षिकेला ऐकू आलंच.

"बाथरूमच्या वाटेवर आहे. दोनदा पडलोय तिथे. हिला एकदाचंच माहीत आहे."

"मला तिन्ही वेळचं माहीत आहे," आजी म्हणाल्या. "टोपणं चार द्या हो. आणि पोल पिशवीत घालू नका, ह्यांच्या हातातच राहू द्या."