टोपलीतलं मांजर

फिजीत, सुवाच्या बसस्टँडवर लितियाच्या पुढे रांगेत एक बाई होती. तिला सोडायला आलेल्या भावजयीच्या हातात टोपली आणि टोपलीत मांजर.

"वहिनी, कुठून आणलंत हे?"

"मी कशाला आणतेय? बाजारामागे भटकत होतं, मागे लागलं. दिसायला हे असं, वर चोरटं."

"गुटगुटीत आहे पण."

"सूज आहे ती, वन्सं."

"मग डॉक्टरला दाखवा."

"कालच दाखवलं. म्हणाले, मासे कमी घाला."

लितियानं ओठ दाबून हसू आवरलं.

"घाबरू नका, मांजर नाही मागत मी. टोपली मात्र छान विणलीय. केरेकेरे, ती द्या मला."

"टोपली?"

"घरच्या माणसानं केरेकेरे म्हणून काही मागितल्यावर नाही म्हणता येतं का?"

"घ्या की. थांबा, याला उचलते."

"झोपलंय बिचारं. असू द्या तसंच."

बस आली. नणंद टोपली घेऊन चढलीसुद्धा, आणि मागोमाग भावजयही.

"वहिनी, तुम्ही कुठे निघालात?"

"तुमच्याकडे. केरेकेरे, वन्सं, तुमची मागची खोली द्या मला. याच्याशिवाय मला झोप लागत नाही."