अंधारात हलणारी पेशी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष आदरणीय दादासाहेब, व्यासपीठावरील प्राचार्य महोदय, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या डॉ. इंद्रायणी मॅडम, चाकणच्या ट्रॅफिकमधून वाट काढत आलेले माजी विद्यार्थी, सहकारी आणि मित्रहो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मॅडमविषयी चार गोड शब्द बोला, असं मला सांगण्यात आलंय. निमंत्रणपत्रिकेत ‘स्वेच्छानिवृत्ती’ असं छापलं आहे. त्यातली इच्छा कोणाची, हे मी विचारणार नाही; दादासाहेब, आपण निर्धास्त असावं. पण मॅडम का चालल्या आहेत, हे टाळून त्यांचं कौतुक करणं मला साधणार नाही.

त्यांच्या प्रयोगशाळेतला मायक्रोस्कोप मी सांभाळतो. मॅडम हृदयाच्या पेशींमधल्या कॅल्शियमचा अभ्यास करतात. कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आणि दूध आठवतं. पण हृदयाची पेशी तेच कॅल्शियम आपल्या आत एका कप्प्यात कोंडून ठेवते. इशारा मिळाला की कप्पा उघडतो, कॅल्शियम सुटतं, पेशी आकसते. मग ते पुन्हा आत ओढलं जातं आणि पेशी सैल पडते. आत्ता या सभागृहात आपल्या प्रत्येकाच्या छातीत हेच चाललंय. काही आजारांत तो कप्पा गळू लागतो. इशारा नसताना कॅल्शियम झिरपतं आणि ठोक्यांचा ताल बिघडतो.

हे बघायचं कसं? उंदराच्या हृदयातून वेगळ्या केलेल्या पेशींत एक रंग सोडतात. निळा प्रकाश टाकला की, कॅल्शियम भेटलेला रंग हिरवा उजळतो. आजारी पेशीत भलत्याच वेळी हिरव्या ठिणग्या उडताना मी कितीदा पाहिल्यात. बघायला फार सुंदर, आणि त्या कशाच्या आहेत हे कळलं की तितक्याच भीतीदायक.

एका औषध कंपनीने आपल्याला एक नवं औषध तपासायला दिलं. ते घातलं आणि ठिणग्या विझल्या. आपली विद्यार्थिनी साक्षी हिने ते काम पीएच.डी.साठी केलं होतं. शोधनिबंध छापून आला, याच सभागृहात पेढे वाटले गेले. कंपनीने एका खासगी रुग्णालयात रुग्णांवर चाचणी घ्यायचं ठरवलं. त्यात साक्षीचे वडील भीमराजभाऊ यांची निवड झाली. दापोडीत राहणारे, कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबणाऱ्या यंत्रांवर आयुष्य काढलेले गृहस्थ. जिना चढताना मध्येच बसावं लागायचं, इतकं हृदय थकलेलं.

चाचणी सुरू व्हायच्या आधी एका सकाळी मॅडमनी मला हाक मारली. निळा प्रकाश बंद करून त्या साध्या उजेडात पेशी बघत होत्या.

“बुद्धरत्न, ही औषध दिलेली पेशी. काय दिसतंय?”

“हलतेय. मध्येच, ताल सोडून.”

“आणि निळ्या प्रकाशात?”

मी बटण दाबलं. पडद्यावर अंधार. “काहीच नाही. दिव्यात बिघाड असेल मॅडम.”

“दिवा ठीक आहे. कॅल्शियम सुटल्याशिवाय ती आकसेल कशी?”

मग त्यांनी पेशी बाजूलाच ठेवल्या. नुसत्या पाण्यात कॅल्शियम आणि रंग घेतला, तो उजळला. त्यात औषध टाकलं, तो मालवला. पेशी नसतानाही. म्हणजे औषध गळती थांबवत नव्हतं, ते रंगाचा उजेड गिळत होतं. ठिणग्या उडतच होत्या, आम्हाला दिसत नव्हत्या इतकंच.

साक्षीने स्वतः तो प्रयोग पुन्हा करून पाहिला. हात धुऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, “मॅडम, मग औषध काम करतं की नाही?”

“माहीत नाही. करतही असेल. पण आपण जे बघितलं त्यावरून ते म्हणता येणार नाही.”

“बाबांना काय सांगू?”

मॅडम म्हणाल्या, “मी येते तुझ्याबरोबर.” आणि गेल्या.

मॅडमनी निबंध मागे घ्यायचं ठरवलं. कंपनीची माणसं इथे येऊन बसली. इतर पुरावे गोळा होईपर्यंत थांबा, असं त्यांचं म्हणणं. मॅडम म्हणाल्या, “तोवर माणसांना औषध देणार असाल, तर मी थांबू शकत नाही.” निबंध मागे घेतला गेला, चाचणी रद्द झाली. कंपनीने मदत बंद केली. प्रयोगशाळेला कुलूप लावायचं ठरलं. साक्षीने दुसरा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली आहे. ती आज समोर बसली आहे.

भीमराजभाऊ या उन्हाळ्यात गेले.

मी आणि मॅडम दापोडीला भेटायला गेलो. साक्षीच्या आई सरूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “मॅडम, ते औषध मिळालं असतं तर हे राहिले असते का?”

मित्रहो, ‘नाही’ म्हणायला काय लागतं? एक शब्द, आणि त्या माउलीच्या मनातली टोचणी गेली असती. मॅडमचे ओठ हललेले मी पाहिले. त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही, सरूबाई.”

सरूबाईंनी पदराने तोंड पुसलं. “डॉक्टर लोक शेवटपर्यंत बरं होईल म्हणत होते. तुम्ही तेवढ्या खरं बोललात,” त्या म्हणाल्या. “पण आज खोटं बोलला असतात, तरी चाललं असतं.”

परतताना गाडीत मॅडम मला म्हणाल्या, “सरूबाईंचं चुकलं नाही.”

मॅडम, आपल्याला उत्तम आरोग्य लाभो. अध्यक्ष महोदयांनी मला अडवलं नाही, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. सत्काराच्या दिवशी नको ते बोललो असेन, कोणाचं मन दुखावलं असेल, तर उदार मनाने पदरात घ्यावं, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.