टीव्हीच्या दुकानातली ड्रमवाली

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी सरोजिनी ग्वाल्हेरच्या नई सडकेवर टीव्हीच्या दुकानापाशी आली. आत तिच्या रॉक बँडच्या पहिल्या गाण्याचा व्हिडिओ चालू होता. बाबा पाठमोरे उभे राहून दुकानदार लक्ष्मीकांत यांच्याशी बोलत होते.

“हे गाणं की भांडण, विश्वासराव?”

“भांडणच! पण ठेका बघा, लक्ष्मीकांत.”

“छत्तीसगड आपल्यापासून वेगळं झालं, तेव्हा ही ड्रम बडवणारी पोरगीही वाटणीत द्यायची होती. नाक मात्र तुमचंच दिसतंय हो.”

“ग्वाल्हेरात नाकांची कमी आहे का?”

चारचौघांत माझं नाव सांगू नका, असं तिनंच त्यांना बजावलं होतं. ती तशीच परत फिरली.

तेराव्यानंतर ती दुकानात गेली.

“काका, ती ड्रम वाजवणारी मी. विश्वासरावांची मुलगी. ठेका मला बाबांनीच शिकवला, जेवणाच्या ताटावर.”