गोधडीतलं पातेलं

हसू नका, पण मी घरी बिअर करतो. त्यात बार्लीचा भरडा गरम पाण्यात तासभर एकाच तापमानाला ठेवावा लागतो. इथे आखातात, जनाबियातल्या आमच्या घरच्या एसीत पातेलं लगेच निवायचं, म्हणून मी त्याला आईने जुन्या साड्यांची शिवून दिलेली गोधडी गुंडाळायचो. आईला अर्थातच काही माहीत नव्हतं.

परवा तापमान आपोआप राखणारं विजेचं भांडं आणलं. बायको इतकी खूश, की व्हिडिओ कॉलवर आईला सांगून बसली, "आई, आता ह्यांच्या बिअरला तुमची गोधडी लागत नाही हं!"

मी मेलोच. आई म्हणाली,

"म्हणजे इतके दिवस त्या एसीत तू काय पांघरत होतास रे?"